आधी तुझी गाडी

ओडवार माझा शेजारी. जन्मभर त्याने फेरीबोटीवर गाड्या चढवण्याचं काम केलं. त्याने हात वर केला की ट्रक थांबायचा, बोट हलवलं की मोठ्या साहेबाची गाडीसुद्धा मुकाट्याने मागे सरायची. बोटीवर आधी कोण आणि नंतर कोण, हे ओडवार ठरवायचा आणि त्यावर कुणी ब्र काढत नसे. पण अंगावरचं पिवळं जाकीट खुंटीला टांगून घरी आला की हाच माणूस स्वतःच्या दारात मांजराला आधी आत जाऊ द्यायचा.

आमच्या खोऱ्यात याला चांगुलपणा म्हणतात. इथे चोरी केलेल्याला लोक दहा वर्षांनी माफ करतात, पण दुकानाच्या रांगेत 'मला जरा घाई आहे' म्हणालेल्याचं नाव नातवंडांपर्यंत चालतं. ओडवारचं लग्नही यापायी रखडलं. दुसऱ्या कुणाला गुड्रुनला नाचायला विचारायचं असेल म्हणून हा दोन उन्हाळे भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटी कंटाळून तीच पुढे आली. तीही याच मातीतली, त्यामुळे आधी आपल्या मैत्रिणींना विचारून आली.

त्यांची मुलगी मारित त्याच घराच्या तळमजल्यावर राहते. तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, दोन आठवडे गेला की गेला. गेल्या हिवाळ्यात मारितला दिवस गेलेले होते आणि बाळंतपणाचं इस्पितळ डोंगरापलीकडे, पाच बोगदे ओलांडून, दोन तासांवर. जवळचं होतं ते सरकारने बंद केलं, आणि आम्ही त्याविरुद्ध अतिशय सभ्य पत्र लिहिलं. तेव्हापासून ओडवारला एकच घोर. वेळेला चार्ज भरलेली गाडी दारात हवी.

घरात गाड्या तीन, तिन्ही विजेच्या. त्याची, गुड्रुनची, मारितची. आमच्याकडे आता धुराची गाडी एकट्या माझ्याकडे उरली आहे. माझं जुनं डिझेल सुरू झालं की लोक खिडक्या लावून घेतात आणि माझ्याकडे बघून हसतात, म्हणजे मला वाईट वाटू नये.

तर ओडवारने अंगणातल्या भिंतीवर तीन चार्जर बसवायचं ठरवलं. गावातून तेर्ये नावाचा वायरमन आला. घर जुनं, त्याला येणारी वीज बेताची. तिन्ही गाड्या एकदम लावल्या तर घर अंधारात जाईल, असं त्याने सांगितलं. म्हणून त्याने तिन्ही चार्जर एकमेकांना जोडले. एक गाडी भरली की दुसरी, मग तिसरी, सगळं आपोआप. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर एक बटण दिलं. ते दाबलं की आपली गाडी थांबते आणि तिच्या वाटणीची वीज दुसऱ्याला जाते.

काम झाल्यावर गुड्रुनने वॉफल केली आणि मलाही बोलावलं. तेर्येने फोन काढून विचारलं, "पहिला नंबर कुणाचा टाकू?"

सगळे कपात बघायला लागले.

"गुड्रुनचा टाक," ओडवार म्हणाला.

"मला कुठे जायचंय? ओडवारचा टाक."

"बाबांचाच टाक," मारित म्हणाली. तिचं पोट टेबलाला टेकलं होतं.

"अगं, बाळ तुला होणार आहे," मी म्हणाले.

"हो, पण म्हणून काय सगळ्यांना खोळंबवून ठेवायचं?"

एवढ्यात ताटलीत एकच वॉफल उरलं. शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे आमच्याकडे शोभा करून घेणं. मारितने अर्धं कापून घेतलं, गुड्रुनने उरलेल्याचं अर्धं, ओडवारने त्याचंही अर्धं. टपाल तिकिटाएवढं राहिलं ते कुत्र्याला गेलं. तेर्येने तेवढ्यात मारितला पहिला नंबर देऊन टाकला आणि कुणी काही म्हणायच्या आत गाडीत बसून निघून गेला. पोरगा शहरात वाढलेला.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी कडाक्याची थंडी पडली. संध्याकाळी तिन्ही गाड्या जवळजवळ रिकाम्या होऊन परत आल्या आणि तिन्हींना वायरी लागल्या. माझ्या स्वयंपाकघरातून दिसायचं, तीन गाड्या ओळीत, तीन वायरी, भिंतीवर तीन दिवे. मला तर हेवाच वाटला.

आत काय घडलं ते मला नंतर कळलं. मारितला वाटलं, आई सकाळी पोहायला जाते, तिची गाडी आधी भरू दे. तिने आपलं बटण दाबलं. गुड्रुनला वाटलं, पोरीची वेळ जवळ आलीय, माझी कशाला वीज खाते. तिनेही दाबलं. ओडवारने तर वायर लावतानाच दाबलं होतं. तिघांनीही एकमेकांना चकार शब्द सांगितला नाही, कारण केलेला त्याग बोलून दाखवला तर ती बढाई होते. शनिवारी गुड्रुन पोहायला चालत गेली, ओडवार दुकानात चालत गेला, मारित घरीच बसली. चालणं तब्येतीला बरं, असं तिघेही म्हणाले. एका घरात तीन पुण्यवान माणसं असली की असं होतं.

रविवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात ओडवार. बूट काढून आत आला, खुर्चीच्या कडेवर टेकला.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे."

"काल जास्त होती."

मी कॉफी ओतली. तो प्यायला. माझ्या पडद्यांचं कौतुक केलं, ते मी आठ वर्षांपूर्वी लावलेत.

"तुझी गाडी अजून सुरू होते ना?"

"होते की."

"छान."

मग माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता.

"ओडवार, काय झालंय?"

"विशेष काही नाही. मारितला कळा येताहेत."

"कधीपासून?"

"सकाळपासून. सुईणीने फोनवर सांगितलं, निघा आता."

"मग तू इथे कॉफी काय पितोयस?"

"तू ओतलीस," तो म्हणाला. मग खाली बघत त्याने तिन्ही बटणांची हकिगत सांगितली. तीन गाड्या मिळून पहिल्या बोगद्यापर्यंतसुद्धा जाणार नव्हत्या. ॲम्ब्युलन्सला फोन का नाही केला, असं विचारलं तर म्हणाला, "ती आजारी माणसांसाठी असते."

मला इतका संताप आला की मी त्याचा कप हातातून काढून घेतला. किल्ली उचलली आणि त्यांच्या अंगणात गेले. मारित कपडे घालून, भिंतीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. पुढे कोण बसणार यावर गुड्रुन आणि ओडवार आग्रह करायला लागले, तेव्हा मी दोघांनाही मागे कोंबलं आणि पोरीला पुढे बसवलं. डोंगर चढताना तिला कळ आली की ती दार घट्ट धरायची आणि ओसरली की म्हणायची, "बोर्गहिल, तुझा रविवार वाया गेला." तिसऱ्या बोगद्यात तिने गाडीच्या टपाला हादरा बसेल अशी किंकाळी मारली आणि लगेच माफी मागितली. मागच्या सीटवर ओडवार रडत होता. आवाज होऊ न देता.

पोचलो आणि पाऊण तासात मुलगी झाली. मारितला टाके घालायचे होते, म्हणून सुईण बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली.

"आधी कोण घेतंय?"

"ओडवार घेईल," गुड्रुन म्हणाली आणि मागे सरकली. हात मात्र तिचे पुढेच होते.

"नाही, बोर्गहिलने गाडी चालवली," ओडवार म्हणाला.

"आजीचा मान," मी म्हणाले. मीही शेवटी याच खोऱ्यातली.

सुईण बाळ घेऊन तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. बाळ बोंबलत होतं. लाल, चिडलेलं, मुठी आवळलेलं. ओडवारने त्या मुठींकडे पाहिलं, आणि बोटीवर असायचा तसा त्याचा हात वर गेला. आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो.

"मी," तो म्हणाला. "आधी मी."

त्याने तिला घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळाने गुड्रुन जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आता मला दे ना."

"थांब जरा," ओडवार म्हणाला, आणि दिली नाही.