तिसऱ्या सिलिंडरला मंगळ

जिथं विमान एक आणि माणसं चार, तिथं उड्डाणं कमी होतात आणि किस्से जास्त. उंद्रीच्या पुढं शेतांच्या मधोमध आमची हवाई पट्टी आहे आणि पट्टीच्या टोकाला पत्र्याचं हँगर. त्यातच आमची विमान शिकवायची शाळा. मी तिथं ऑफिस सांभाळतो. म्हणजे फोन मी उचलतो, पत्रं मी टाइप करतो आणि पट्टीवर म्हैस आली की हाकलायलाही मीच जातो.

चिखलीत मित्र जमले की कुणीतरी म्हणतोच, "सांग ना बे, तुमच्या विमानाचं." मग सांगावं लागतं. पुण्याकडच्या लोकांना आमची बोली गावंढळ वाटते, म्हणून माझं बोलणं मी जरा इस्त्री करून घेतो. बाकीचे जसे बोलले तसेच बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

*

आधी आमचे कॅप्टन लिमये. विमान शिकवणारे तेच. पुण्याहून आले आणि पट्टीला लागून ज्यांचं शेत आहे त्या उत्तमरावांकडं खोली घेऊन राहिले. जेवण उत्तमरावांच्या घरीच. माणूस भला, पण नियमाचा इतका पक्का की आम्हाला घाम फुटायचा. विमान सुरू करण्याआधी यादी वाचून एकेक गोष्ट तपासायची असते, ते ठीक. पण ती सवय त्यांनी चहालाही लावली.

"थर्मास?"

"हाये," आमचे मेकॅनिक गजूभाऊ म्हणायचे.

"कप?"

"चार हायेत."

"कपात माशी?"

"थांबा सर, पाह्यतो."

एकदा एका लग्नाची वरात रस्त्यानं चालली होती. नवरदेवाला विमानाच्या नाकावरच्या पंख्यापाशी उभं राहून फोटो काढायचा होता. दुसरं काही नाही, एक फोटो. कॅप्टननी अख्खी वरात फाटकावरून परत पाठवली. "विमान उडण्यासाठी असतं," ते नवरदेवाला म्हणाले, "दुसऱ्या कुठल्याही कामासाठी नाही." नवरदेव बिचारा घोड्यावरून "हाव सर" म्हणाला.

*

आता मूळ भानगड. या वर्षी उन्हाळा लागता लागता गजूभाऊंनी इंजिन उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा रंग करपलेला. इंजिनात सिलिंडर चार, बाकीचे तीन साधारण ठीक. गजूभाऊंनी ते मुख्य ऑफिसला कळवलं. तिकडून हुकूम आला की इंजिन अजिबात सुरू करायचं नाही, इंजिन मॉनिटरमधला सगळा डेटा काढून ठेवा, सोमवारी तपासणीच्या मॅडम येतील. इंजिन खराब निघालं तर विमान दुसऱ्या शाळेत जाईल आणि आपली पट्टी बंद.

इंजिन मॉनिटर म्हणजे डॅशबोर्डवरचा एक छोटा डबा. कोणता सिलिंडर कधी किती तापला, विमान तेव्हा किती वेगात होतं, सगळं तो आपल्या पोटात लिहून ठेवतो. फक्त त्याच्या पोटातून ते बाहेर काढणं म्हणजे आमच्या नशिबाला आलेली परीक्षा.

आम्हा सगळ्यांची नोकरी त्यात अडकली होतीच, पण खरी अडकली होती ती वैशाली. सुलतानपूरची पोरगी. घरच्यांशी वर्षभर भांडून शिकायला आलेली, लायसनची परीक्षा तोंडावर, उडायचे शेवटचे थोडे तास बाकी. विमान दुसरीकडं गेलं तर तिच्या घरचे तिला त्याच्या मागं तिकडं पाठवणार नव्हते, हे तिनं आम्हाला सरळ सांगितलं होतं. "विमान गेलं की माहं लग्नच लावतीन ते," ती म्हणाली. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, डेटाच काढायचा आहे ना, अर्ध्या तासाचं काम.

*

जुना लॅपटॉप होता, पण त्यात उंदरानं संसार मांडलेला निघाला. मुख्य ऑफिसनं पाठवलेला नवा लॅपटॉप होता, पापडासारखा पातळ. डब्याची केबल नऊ काड्यांची, मनगटाएवढी जाड. गजूभाऊंनी लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून पाहिला.

"याले तं ही केबल लावायले जागाच नाही."

"मॉडर्न आहे," कॅप्टन म्हणाले.

"मॉडर्न हाये, पण घालू कुठं?"

मग मी चिखलीला गेलो. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात केबल दाखवून म्हटलं, याच्यापुढं लावायची नवी केबल द्या. दुकानदार मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मशीन कोणतं हाये?"

"विमान."

"इथं घेऊन या, लावून पाहू."

मी म्हटलं, "दादा, विमान हो. उडणारं."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. जरा विचार केला. "मंग मांगच्या बाजूनं आणा," म्हणाला, "समोर पार्किंग नाही."

*

केबल आणली. ती ओळखायला लॅपटॉपला नेटवरून काहीतरी उतरवून घ्यायचं होतं आणि आमच्या हँगरमध्ये नेट येत नाही. नेट येतं ते पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली. पण कॅप्टनचा नियम, एकदा जोडणी केली की मध्येच तोडायची नाही. आणि इंजिन सुरू करायला बंदी. राहिलं काय? ढकलणं.

भर दुपारी आम्ही विमान ढकलत निघालो. कॅप्टन पंखाशी, गजूभाऊ शेपटीशी, मी मध्ये आणि वैशाली आत बसून मांडीवर लॅपटॉप सांभाळत. बाजूच्या शेतातला एक जण ट्रॅक्टर थांबवून बघत राहिला.

"काऊन, बंद पडलं का?"

कुणी उत्तर दिलं नाही. श्वासच नव्हता.

"दुसऱ्या गिअरमध्ये टाका," तो ओरडला, "धक्क्यानं चालू होईन."

कडुनिंबाखाली पोचलो. नेट आलं. नेट येताच लॅपटॉपला आपली स्वतःची कामं आठवली आणि तो स्वतःलाच अपडेट करत बसला. ऊन उतरेपर्यंत आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. शेवटी तो शुद्धीवर आला, केबल ओळखली आणि वर लिहून दाखवलं की तुमच्या मॉनिटरचा प्रोग्राम फार जुना आहे, माझ्यावर चालणार नाही.

तेवढ्यात वैशाली आतून हळूच म्हणाली, "सर, नुसता लॅपटॉपच इथं आणला असता तं?"

कॅप्टननी तिच्याकडं पाहिलं, विमानाकडं पाहिलं, मग पट्टीच्या त्या टोकाला दिसणाऱ्या हँगरकडं पाहिलं. "आधी कचोरी मागवू," म्हणाले. काम फसलं की हा माणूस कचोरी मागवायचा, आणि खरं सांगतो, त्या दिवशी त्याचा चेहरा आमच्याइतका पडलेला नव्हता. मला वाटलं, मोठ्या मनाचा आहे, आम्हाला धीर देतोय.

*

जुना प्रोग्राम म्हणजे जुना कॉम्प्युटर हवा. गजूभाऊंनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "दुसरबीडले एक गुरुजी हायेत. पत्रिका काढतात. त्यायच्या कॉम्प्युटरनं माही पत्रिका काढली होती."

"तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"पोरगं बारावीले हाये."

म्हणजे कॉम्प्युटर बरोबर वयाचा होता. फोन केला तर गुरुजी म्हणाले, मागच्या बाजूला नऊ भोकांची जागा आहे, पण कॉम्प्युटर घराबाहेर जाणार नाही, लग्नसराई आहे. मग कॅप्टनच्या हजार नियमांतून वाट काढत गजूभाऊंनी डॅशबोर्डवरून तो डबा सोडवला, रिकाम्या कचोरीच्या खोक्यात ठेवला आणि आम्ही दोघं मोटरसायकलवर दुसरबीडला निघालो.

गुरुजींच्या ओसरीवर मुलीमुलांचे बाप ओळीनं बसलेले. आम्हीही नंबर लावला. शेजारच्या म्हाताऱ्यानं खोक्यात डोकावून विचारलं, "कोनाची पत्रिका?"

"इंजिनाची," गजूभाऊ म्हणाले.

"हाव का," म्हातारा म्हणाला आणि सरकून बसला. जणू रोज दोन-चार इंजिनं येतात तिथं.

आमचा नंबर आला. मोटरसायकलची बॅटरी काढून डब्याला लावली, जाड केबल कॉम्प्युटरला लावली आणि पेनड्राईव्हवरून तो जुना प्रोग्राम टाकला. कॉम्प्युटरनं खोकला काढला, आणि काय सांगू, आकडे धडाधड पडायला लागले. चार सिलिंडर, चार रकाने. गुरुजींनी चष्मा नाकावर घेतला आणि सवयीनं वाचायलाच लागले.

"पहिला शांत हाये. दुसरा शांत. चौथाही बरा हाये. हा तिसरा मात्र तापट दिसून राह्यला."

"हाव, तोच," गजूभाऊ पुढं सरकले.

"तिसऱ्याले मंगळ हाये," गुरुजी म्हणाले.

मागून म्हाताऱ्यानं सल्ला दिला, "मंग त्याले मंगळाचंच इंजिन पाहा."

फाइल पेनड्राईव्हमध्ये घेतली, गुरुजींच्या पाया पडलो आणि परत आलो. वैशालीनं तर उडीच मारली. कॅप्टनना मंगळाचं सांगितलं. हा माणूस असल्या गोष्टी कधी मानत नाही, पण बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग शांत करून टाकू या का मंगळ? फाइल उघडायची गरजच नाही." आम्ही पोट धरून हसलो. कॅप्टन वर्षातून एखादाच विनोद करतात, तो वाया जाऊ देऊ नये.

*

सोमवारी मॅडम आल्या. आधी हँगरमध्ये जाऊन इंजिनाभोवती फिरल्या, हात घालून काय काय तपासलं. मग ऑफिसात येऊन फाइल लॅपटॉपवर उघडली. आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून उभे. वैशालीनं ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

"उडतानाचं तापमान एकदम बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "चारही सिलिंडर छान."

वैशालीनं श्वास सोडला.

"पण हे बघा. मधले काही रविवार. दुपारी इंजिन तासभर चालू आहे, पंखा फिरतोय, वेग शून्य. विमान जागचं हललेलं नाही. जागेवर उभं ठेवून तासभर चालवलं की उडतानाची हवा लागत नाही, मग सिलिंडर करपणारच. रविवारी विमान कोण चालवतं?"

"रविवारी सुट्टी असते," मी म्हटलं.

मॅडमनी गजूभाऊंकडं पाहिलं.

"मी रविवारी सासुरवाडीले असतो, मॅडम. बायकोले विचारा."

"कारण कळलं तर इंजिन ठीक आहे असं मी लिहून देईन, विमान इथंच राहील," मॅडम म्हणाल्या. "पण कारण नसताना आपोआप सुरू होणारं इंजिन मी इथं ठेवू शकत नाही. उद्याच घेऊन जावं लागेल."

वैशालीनं तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले होते आणि ते दिसू नयेत म्हणून ती खिडकीबाहेर बघत होती. मला काय करावं ते सुचेना. खोटं कारण सांगायचं तर तेही चांगलं सुचायला पाहिजे.

मग मॅडमनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर उघडली. "आणि हे इंजिनाच्या एअर फिल्टरमध्ये निघालं. काय आहे हे?"

गजूभाऊंनी चिमूट उचलली, बोटांत चुरडली, वास घेतला. "हे तं कुटार हाये. हरभऱ्याचं."

"कुटार म्हणजे?"

"भुसा, मॅडम. हरभरा झोडपला की तो उफणतात. टोपलं उंच धरून वरून सोडायचं. वाऱ्यानं कुटार उडून जाते अन् दाणे खाली पडतात. इथं पट्टीच्या बाजूलेच उत्तमरावांचं खळं हाये. पण ते इंजिनात कसं जाईन?"

मग भिंतीपाशी हालचाल झाली. कॅप्टन लिमये एक पाऊल पुढं आले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, टोपी काखेत घेतली आणि मॅडमच्या डोळ्यांत बघून शुद्ध पुणेरी आवाजात म्हणाले,

"वारा पडला होता."