पडद्याच्या कडेला उभा राक्षस

मंडळी, आज हौसेनं केलेलं काम अंगाशी आलं.

नव्वदच्या दशकात मिरजगावच्या कॉम्प्युटर क्लासात मी आणि अक्का एका खुर्चीत बसून भुयाराचा गेम खेळायचो. राक्षस अचानक समोर यायचा आणि अक्का किंचाळून माझा दंड धरायची.

तोच गेम मी महिनाभर खपून आजच्या रुंद स्क्रीनवर बसवला. दुपारी अक्काला दाखवला. स्क्रीन रुंदावल्यामुळं, जुन्या चौकोनी स्क्रीनच्या कडेबाहेर लपलेला राक्षस आधीच दिसत होता, आमची वाट बघत मुकाट उभा.

"ह्यो हितंच उभा असायचा व्हय?" अक्का म्हणाली. "आन् आमी उगाच भ्यायचो."

मग ती चहा ठेवायला उठली.

स्क्रीन मी परत चौकोनी करीन. पण अक्काला आता कळलंय, त्याचं काय करू?