परवानगीबाई

ऑफिसात तिला सगळे परवानगीबाई म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडायचं. बाहेरचं एखादं अ‍ॅप फोनमध्ये शिरताना दारात थांबून विचारतं, "तुमच्या खात्यातून आत येऊ का? तुमचे फोटो बघू का?" हे विचारणाऱ्या स्क्रीन बनवणं हे तिचं काम. टेबलावर लहानमोठे, जुनेनवे फोन मांडून ती एकच स्क्रीन प्रत्येकावर पुन्हा पुन्हा उघडून बघायची. 'हो'चं बटण टपोरं आणि 'नाही' कुठेतरी कोपऱ्यात लपवलेलं, हा जुना लबाड प्रकार तिनेच भांडून बंद पाडला. साहेबांनी नाकं मुरडली, पण बाई हटली नाही.

घरी मात्र तिचा कायदा याहून सोपा होता. आई गेल्यापासून बाबा एकटे राहायचे, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाला फसवायला जग टपलेलंच असतं. म्हणून ती त्यांच्या कानीकपाळी ओरडायची, "बाबा, फोनने काहीही विचारलं की सरळ 'नाही' दाबायचं." बाबांनी आयुष्यभर आईचं ऐकलं होतं, आता लेकीचं ऐकायला लागले.

आईची बोटं संधिवाताने आखडलेली. टाइप करणं जमेना, म्हणून ती बाबांच्या फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये निरोप बोलून ठेवायची. त्यात गोडधोड काही नव्हतं. "अहो, मागच्या दाराची कडी बघा." "अहो, गोळी घेतलीत, की नुसतं पाणीच प्यायलात?" ती गेल्यावर बाबा रोज सकाळी चहा घेऊन बसत आणि हे ऐकत. तिची बोलणी खाल्ल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटतच नसे. एवढाच काय तो त्यांचा संसार उरला होता.

एका सुट्टीच्या दिवशी ती घरी आली, तर बाबांनी दारातच फोन पुढे केला. "बघ गं जरा. कालपासून हिचं अ‍ॅप मला ओळखतच नाही. नव्या माणसासारखं नाव-गाव विचारतंय."

"मध्ये त्याने काही विचारलं होतं का?"

"विचारलं ना. मागच्या महिन्यात. हे अ‍ॅप तुमच्या खात्याशी जोडलेलं ठेवायचं का म्हणून. मी 'नाही' दाबलं. तू सांगितलंस तसंच."

ती स्क्रीन तिचीच होती. तिच्यात आधी आणखी एक ओळ होती: 'नाही म्हटल्यास या अ‍ॅपमधलं तुमचं सगळं पुसलं जाऊ शकतं.' छोट्या फोनवर त्या ओळीमुळे बटणं खाली ढकलली जायची. म्हणून तिने ओळच उडवली. "एवढं वाचतंय कोण!" असं वर म्हणालीही होती.

तिने अ‍ॅपवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी समजूतदार होती, पण तिच्या हातात काही नव्हतं. जोडणी तोडली की महिन्याभराने खातं कायमचं रिकामं करायचं, लोकांचं खासगी बोलणं आपल्याकडे साठवून ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. नियम चांगलाच होता. एरवी परवानगीबाईने त्याचं कौतुकच केलं असतं.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "मिळेल ना परत?"

"नाही मिळणार, बाबा. पुसलं गेलं."

ते हळूच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती विचारत होती, राहू का म्हणून. आणि मी नाही म्हटलं."

तिला रडू आवरेना. "तुमचं काही चुकलं नाही हो. ती स्क्रीन मी बनवली होती. पुसलं जाईल हे सांगणारी ओळ मीच काढून टाकली."

आज बाबांचं दुःख तिच्यापेक्षा मोठं होतं, पण लेक रडतेय म्हटल्यावर ते बाजूला ठेवणं त्यांना भाग होतं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू बनवलीस होय? तरीच," ते म्हणाले. "चष्मा न लावता वाचता आली मला."