भाऊकाकांची डिरेक्टरी

मोडेमची किरकिर चालू असेपर्यंत भाऊकाका खुर्चीत बसत नसत. "समोरचा बोलतोय. आपण बसायचं कसं?" ते तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्त झाले आणि रत्नागिरीत आमच्या गल्लीतलं पहिलं इंटरनेट त्यांच्याकडे आलं.

एखादी साइट सापडली नाही की त्यांचा राग दूरच्या सर्व्हरवर निघे. "अगो, आपण नाव सांगायचं, त्याने नंबर शोधून द्यायचा. म्हणजे माझंच काम. मेला ड्युटीवर झोपलाय!"

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पुण्याच्या एम.एस्सी. प्रवेशाची यादी साइटवर लागली होती. नाव असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात हजर व्हायचं, म्हणजे संध्याकाळची एस.टी. गाठायची. चार वाजले तरी भाऊकाकांच्या कॉम्प्युटरवर साइट सापडेना.

"नाव सोड. साइटलाही फोनसारखा नंबर असतो, थेट तोच लावू," भाऊकाका म्हणाले. घरचा फोन मोडेमने अडवलेला, म्हणून ते समोर सावंतांकडे गेले आणि पुण्याच्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून त्यांनी साइटचा नंबर विचारला. लिहून मात्र घेतला नाही. फोनवरचा नंबर ऑपरेटर लिहून घेत नसतो, हा त्यांचा हट्ट. आकडे पुटपुटत रस्ता ओलांडत असताना मासेवाली आडवी आली.

"काका, बारा बांगडे देतंय, घेवा की!"

काका मानेनेच नको म्हणाले. बांगडे घेतले नाहीत. बारा तेवढे घेऊन आले.

नंबर टाकला आणि पडद्यावर कुठल्याशा परक्या लिपीतल्या मजकुरासकट एक ट्रॅक्टर उगवला. भाऊकाका ताडकन उभे राहिले. "सॉरी हां, राँग नंबर," असं ट्रॅक्टरला सांगून त्यांनी तो बंद केला. मी रडकुंडीला आलेली. खिडकीतून मासेवालीचं ऐकलेल्या माईकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, बारा बांगडे होते! तुमचा शेवटचा आकडा कुठला ते आठवा!"

"बावीस!"

बाराच्या जागी बावीस टाकले आणि यादी उघडली. सतराव्या ओळीत माझं नाव होतं.

भाऊकाकांनी लगेच कॉम्प्युटरमधल्या एका फाइलमध्ये साइटचं नाव आणि नंबर टाकला. "ही आपली घरची डिरेक्टरी. कॉम्प्युटर आधी हिच्यात बघतो. त्या झोपाळूच्या पाया पडायला नको. आता पळ, गाडी चुकेल."

मी पळाले. गाडी मिळाली, पुढचं शिक्षण झालं, नोकरी लागली.

भाऊकाका गेल्यावर माईकाकूंनी तो कॉम्प्युटर मला दिला. मी ती फाइल उघडली. साइटची ओळ होतीच. तिच्याखाली माझं नाव आणि माझ्या पुण्यातल्या वसतिगृहाचा टेलिफोन नंबर. कॉम्प्युटरला त्याचा काहीच उपयोग नव्हता, आणि ते भाऊकाकांना नक्की ठाऊक होतं. आयुष्यभर एकही फोन नंबर लिहून न ठेवलेल्या माणसाने हा एवढा एक लिहून ठेवला होता.