बंद झालेल्या कोर्टाची रोजनिशी

"परवानगी आहे?" जुन्या वहीचं पान उलटण्याआधी काका दर वेळी हळू आवाजात विचारायचे. टेबलाशी आम्ही दोघंच असायचो, आणि माझ्याकडे तर ते बघतही नसत.

दोन हजार चार सालची गोष्ट. अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या शेजारच्या घरी काका मुलीकडे राहायचे. एकटेच काहीतरी पुटपुटत फिरणारी अशी म्हातारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गावच्या लायब्ररीत त्यांनी व्हॉलंटियर म्हणून एक काम घेतलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कोर्ट-कारकुनाची रोजनिशी वाचायची आणि कॉम्प्युटरवर उतरवायची. ते ड्राइव्ह करत नसत, म्हणून शनिवारी मी न्यायचो.

त्या वहीमागची हकिगत त्यांनी गाडीत सांगितली. निवडणूक हरलेल्या पक्षाने जाता जाता देशभर नवी फेडरल कोर्टं काढली आणि तिथे आपली माणसं तहहयात जज नेमली. नव्या पक्षाने वर्षभरात तो कायदाच रद्द केला. कोर्टं गेली, जज घरी बसले. हा कारकून मात्र रोज लिहीत राहिला, 'कोर्ट भरले. कोणी आले नाही.'

"जजनी निदान काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, अर्ज तरी केला," काका म्हणाले. "कारकुनाचं कोण ऐकणार?"

त्यांचा स्वतःचा इतिहास मला त्यांच्या मुलीने सांगितला. नागपूरला काका ज्या सरकारी मंडळात होते, ते सरकार बदलल्यावर बरखास्त झालं. बाकीच्यांची कुठे कुठे सोय लागली. काका मात्र आधीच्या मंत्र्यांचा माणूस ठरले. कितीतरी वर्षं ते अर्ज करत राहिले. सुनावणी एकदाही झाली नाही.

जानेवारीतली एक दुपार. लायब्ररीच्या तळघरात मी मासिक चाळत होतो. काका अचानक उठले, कोटाची बटणं लावली आणि भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ताठ उभे राहिले. मीही उठलो. का, ते आजही सांगता येत नाही.

"बसा म्हणतायत," काका कुजबुजले. आम्ही बसलो.

परतताना हीटर चालू होता, तरी स्टिअरिंगवरचे माझे हात गार होते.

मार्चमधल्या एका रविवारी काका जेवून पडले ते उठलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात लायब्ररीतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांनी मूळ वही आणि काकांची फाइल शेजारी शेजारी ठेवली होती. वही एका पानाच्या मध्यावर संपत होती. काकांच्या फाइलमध्ये मात्र त्यापुढच्या अकरा दिवसांच्या नोंदी होत्या, त्याच जुन्या वळणाच्या इंग्रजीत. काकांचं इंग्रजी मी ऐकलेलं होतं. ते असं नव्हतं.

"हे डिलीट करू का?" बाईंनी विचारलं.

मी आधी शेवटची नोंद वाचली. ती काकांनी जाण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी टाइप केली होती. 'कोर्ट भरले. एक अर्जदार हजर, दूरदेशीचा. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. निकाल उद्या.'