बाबा भाठ्यावर बसले होते

भाठा म्हणजे आमच्या भिलाईकडची लाल, मुरमाड, उघडी जमीन. तिथे नांगर चालत नाही. पावसाळ्यात गवत येतं आणि होळीपर्यंत वाळून पिवळं पडतं. कुम्हारीजवळ हायवे सोडला की असा एक भाठा लागतो आणि त्याच्या पोटात मुरमाच्या जुन्या, बंद पडलेल्या खदानी. पावसानं त्यांच्या कडा अशा कातरल्यात की आत नुसत्या घळीच घळी. गवतातून धावत जायचं, खदानीत उतरायचं, घळींमधून पलीकडे चढायचं आणि वळसा घालून परत भाठ्यावर यायचं, अशी एक फेरी मी शोधून काढली होती. सपाट रस्त्यावर कोणीही धावतं. ही फेरी माझी होती.

आमच्या खानदानात कॉलेज शिकलेली मी पहिली. धावणारी पहिली आणि शेवटची, असं आई म्हणते. हथखोजच्या एका कारखान्यात मी माल तपासायची नोकरी करते; रविवार तेवढा माझा. बाबा प्लान्टमधून, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, कोळसा भाजायच्या कोक ओव्हनवरून रिटायर झालेले. कोणी मागे लागलेलं नसताना माणूस पळतो कशाला, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही. पण पोरगी एकटी खदानीत जाते म्हटल्यावर ते माझ्या स्कूटीवर मागे बसून यायचे आणि फेरी संपते तिथे पाण्याची बाटली घेऊन बसायचे. त्यांच्या छातीत स्टेंट आहे. डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलेलं. म्हणून ऊन चढायच्या आत परतायचं, हे आमचं ठरलेलं.

त्या रविवारी घरून निघायलाच उशीर झाला. चैत्र लागलेला, हवा धुरकट. घळींमध्ये एक वळण चुकलं, पण मी घाबरले नाही. आम्ही भिलाईची माणसं दिशा प्लान्टच्या चिमणीवरून ओळखतो. लहानपणी कुठेही हरवलो तरी चिमणीकडे तोंड केलं की घर सापडायचं. मी एका उंचवट्यावर चढले, धुरात चिमणी दिसली, ती डाव्या हाताला ठेवून धावत सुटले. बरंच पुढे गेल्यावर धूर जरा विरळ झाला आणि मला दिसलं की ती चिमणी एकटीच आहे. आमच्या प्लान्टच्या चिमण्या रांगेनं उभ्या असतात. ही कुठल्या तरी नव्या कारखान्याची होती. मी उलट्या दिशेला येऊन एका भलत्याच खदानीच्या तळाशी उतरले होते.

मोबाइलला नेटवर्क नव्हतं. जवळचं पाणी संपलं होतं. वर चढताना मुरूम पायाखालून सरकायचा आणि मी होते तिथे परत. दोनदा पडले, नखं फाटली. पण खरी धडकी भरली ती सावली पायाशी आलेली पाहिली तेव्हा. भाठ्यावर एकही झाड नाही, आणि बाबा तिथून उठणार नाहीत.

प्लान्टमध्ये रीत अशी की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. तो नाहीच आला तर दुसरी पाळीही आपणच करायची. बाबांनी नोकरीभर हेच केलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात ते अक्षता पडून गेल्यावर पोचले होते. असा माणूस भर उन्हात बसून माझी वाट बघत होता. ते फोन बाळगत नाहीत. मी खदानीतून ओरडले, बाबा, घरी जा. कोण ऐकणार होतं? मग मी कडेला पोट टेकून, गवताची मुळं धरून, जनावरासारखी वर सरकत गेले. देवाचं नाव घेतलं, देवाला शिव्याही दिल्या.

वर गुरांची पायवाट सापडली. ती धरून भाठ्यावर आले. लांबून स्कूटी दिसली. हँडलला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली बाटली टांगलेली. बाबा नव्हते.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जागा सोडली होती, तीही नेमकी आज.

मी पाण्याला हात लावला नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. मी अर्धी बाटली प्याले. मग उरलेलं पाणी आणि दुपट्टा घेऊन, ज्या वाटेनं मी वर यायला हवं होतं त्या वाटेनं खाली उतरले, हाका मारत.

ते पहिल्याच घळीत, बोटभर सावलीला पाठ टेकून बसले होते. ओठ पांढरे, अंगावर घामाचा टिपूस नाही. ते बघून मी जास्तच घाबरले. दुपट्टा भिजवून डोक्यावर ठेवला, घोट घोट पाणी पाजलं, आणि भीतीनं त्यांच्यावरच डाफरले.

"बाबा, जागा कावून सोडली तुमी?"

ते म्हणाले, "तू का रिलीव्हर होय का वं माय?"

त्यांना उभं राहता येत नव्हतं. मी खालून खांदा लावला. ते हातभर चढायचे आणि बसायचे. मधेच म्हणाले, तू जाय, माणसं घेऊन ये. मी ऐकलं नाही. माणसं आणायची कुठून?

बाबा वाचले, हे सांगून टाकते. पण स्कूटीवर बसवून, दुपट्ट्यानं त्यांना माझ्या पाठीशी बांधलं तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. हायवेला लागल्यावर त्यांचं डोकं माझ्या मानेवर पडलं. त्यांनी जागं राहावं म्हणून मी काहीबाही विचारत सुटले. आईनं आज भाजी कोणती केली असेल, मोठ्या आत्याचं गाव कोणतं, कूलरमध्ये पाणी भरलं होतं का. प्रत्येक प्रश्नाला मागून एक "हूं" यायचा, थोडा उशिरानं, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त उशिरानं. भिलाई-३च्या दवाखान्याची पाटी दिसेपर्यंत मी विचारत राहिले.