सोप्या प्रश्नांचा टॅग

लातूरच्या ज्या क्लासात मी प्रश्नसंग्रह सांभाळायचो, तिथे संगणकात प्रत्येक प्रश्नाला टॅग लावावे लागत: विषय, धडा, आणि सोपा की अवघड. हे टॅग पाहूनच संगणक प्रश्न उचलायचा आणि पेपर तयार व्हायचा. पद्धत चोख होती. अडचण एवढीच, की टॅग सर लोक लावायचे, आणि आपल्या विषयात काही अवघड असतं हे कुठलेच सर कबूल करत नसत. मी मोजलं. अकरा हजारांत 'अवघड' सव्वीस निघाले, तेही क्लास सोडून गेलेल्या सरांचे.

त्या वर्षी लोह्याहून माझी भाची शिकायला आली. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आमच्याकडे स्लॅबखाली झोपायला कुणी राजी नसतं. तिला अंगणातली पत्र्याची खोली दिली, म्हणजे घरातली सगळ्यांत मानाची. नव्या मुलांना धीर यावा म्हणून पहिल्या पेपरला मी फक्त 'सोपा' टॅगचे प्रश्न घेतले आणि वर्गात तसं सांगितलंही. भाचीने घरी येऊन बॅग भरली.

"मामा, सोप्यात मला पन्नासपैकी सात पडले. अवघडात काय होईल? मी चालले लोह्याला."

"रविवारचा पेपर दे, मग जा."

ती थांबली, पण बॅग उघडली नाही.

सोमवारी मी सरांना एकमेकांचे प्रश्न तपासायला दिले. फिजिक्सच्या सरांनी बायोलॉजीचे सगळे प्रश्न 'अवघड' करून टाकले. बायोलॉजीच्या मॅडमनी त्याच दिवशी परतफेड केली. संध्याकाळी संग्रहात सोपा प्रश्न औषधालाही उरला नाही.

मग मी नियम केला: मधल्या सुट्टीतला चहा समोर ठेवून आपलाच प्रश्न सोडवायचा. चहा निवायच्या आत सुटला तरच 'सोपा'.

"आमची परीक्षा घ्यायलात का तुम्ही?" फिजिक्सचे सर म्हणाले.

"न्हाई सर, प्रश्नाची."

त्यांच्या पहिल्याच चहावर साय धरली. "हा जरा मध्यम हाय," ते म्हणाले. असा टॅग आमच्याकडे नव्हता. मी तयार केला. दुसऱ्या दिवसापासून ते टपरीवाल्याला उकळता चहाच आणायला सांगू लागले.

रविवारचा पेपर मी चहाच्या कसोटीला उतरलेल्या 'सोप्या' प्रश्नांचाच काढला. भाची तो देऊन आली ती भुकेजलेली. "मामा, निम्मे तर येत होते की! मामीला भाकरी टाकायला सांगा."

जेवून तिने बॅगेतून पुस्तकं काढली. कपडे मात्र आतच ठेवले. पुढचा पेपर पाहून ठरवू, म्हणाली.